पाय द्यायची जागा

करमाळ्यात पंक्चर काढणाऱ्या कुणालाही विचारा, धोंडीराम भोई कोण ते सांगेल. "त्यो व्हय? टायरवाला म्हातारा!" आणि गंमत बघा, या टायरवाल्या म्हाताऱ्याच्या दारात साधी सायकल नाही. सगळा जन्म पाण्यावर गेलेला माणूस, त्याचा आणि चाकाचा संबंध काय? पण वर्ष-सव्वा वर्ष हा बाबा दुकानादुकानातून जुनी टायरं उलथीपालथी करत फिरला. अंगठ्यानं दाबायचा, काठ वाकवायचा, आतून हात फिरवायचा. घ्यायचं तर घे, नाहीतर चालू लाग, असं दुकानदार तोंडावर म्हणायचे. मग कुणीतरी त्यांना बजाबाईचं सांगितलं, आणि त्यानंतर म्हातारा आला की लोक गुमान बाजूला सरकून त्याला बसायला स्टूल द्यायला लागले.

बजाबाई म्हणजे त्याची बायको. ही गोष्ट तिच्या उजव्या पायाची आहे, आणि तो पाय आता नाही.

उजनीचं पाणी करमाळा तालुक्यात जिथं रुंद पसरलंय, तिथं काठावर भोईवस्ती आहे. तीस-पस्तीस घरं. पलीकडच्या काठाला रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस मोडतो, पाण्यानं गेलं तर अर्धा तास. म्हणून धोंडीरामाचा बाप होडीनं माणसं न्यायचा आणि बापामागं धोंडीराम. आधी लाकडाची होडी होती, मग फायबरची आली, तिला मागं इंजिन बसलं. शाळेच्या बाई, केळीच्या बागेतल्या मजूर बायका, सोयरीक बघायला निघालेली मंडळी, कमळाभवानीच्या दर्शनाला येणारे पलीकडचे लोक, सगळे त्याच होडीतून. मागं इंजिनावर धोंडीराम आणि पुढच्या टोकाला बजाबाई.

पुढं बसून ती करायची काय? पाय द्यायची.

आता पाण्यावरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण तुम्हा-आम्हाला सांगायला हवं. होडीला ब्रेक नसतो. इंजिन बंद केलं तरी ती आपल्या जोरानं पुढं येतच राहते, आणि घाटाच्या दगडावर आपटली की तडकते. म्हणून वस्तीची जुनी रीत अशी, की पुढं बसलेल्यानं घाट जवळ आला की तळपाय पुढं करायचा, दगडाला टेकवायचा, आणि गुडघा हळूहळू मोडत होडीचा सगळा जोर अंगावर जिरवायचा. याला पाय देणं म्हणतात. ऐकायला सोपं आहे, करून बघा म्हणजे कंबरेला कळेल. वस्तीत नवी सून आली की बजाबाई तिला शेजारी बसवून शिकवायची, "ताठ धरलास तर पाय मोडतोय, सैल सोडलास तर होडी आपटतीय. दगडाला हळूच म्हनायचं, आलो बरं का बाबा."

बावीस वर्षं ती पाय देत होती. कुणाच्या मांडीवरचा जेवणाचा डबासुद्धा कधी कलंडला नाही. होडी टेकली की मागं मान वळवून एकच विचारायची, "लागलं न्हाय न्हवं कुनाला?" बावीस वर्षं तोच प्रश्न आणि लोकांचं तेच उत्तर, "न्हाय गं मावशे." उत्तर आल्याशिवाय बाई जागची उठायची नाही.

धोंडीरामाला बायकोचं भारी कौतुक. पण तोंडानं सांगेल तर शपथ! त्या पिढीची माणसं तशीच. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे लाजेनं मरायचं. घरात "अगं ए", आणि लोकांत "घरची". लग्नातल्या उखाण्यानंतर त्याच्या तोंडून बजाबाई हे नाव कुणी ऐकलं नव्हतं.

मग मोठी लाँच आली.

लोकांकडं फटफट्या झाल्या होत्या, त्यांना गाडीसकट पलीकडं जायचं होतं. फायबरच्या होडीत ते कुठलं जमायला? धोंडीरामानं करमाळ्याच्या सयाजी मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री लोखंडाचे पत्रे जोडून पाण्यातली वाहनं बनवायचा, हाताला यश असलेला माणूस. त्यानं वस्तीच्या काठावरच पत्रे आणून चार महिन्यांत लाँच उभी केली. बारा फटफट्या आणि वर चाळीस माणसं बसतील एवढी. निळा रंग दिला. आणि ज्यानं जन्मात बायकोचं नाव घेतलं नाही त्या धोंडीरामानं पेंटरला बोलावून लाँचच्या उजव्या खांद्यावर, पुढच्या बाजूला, हातभर पिवळ्या अक्षरात लिहून घेतलं – बजाबाई. शेजारी एक कमळ.

वस्ती हसून हसून लोळली. "धोंडूअण्णा, लोकं देवाचं नाव टाकत्यात की वो!"

"देवाला काय कमी हाय? त्याची नावं समदीकडं लिवल्यात," धोंडीराम म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

लाँच पाण्यात सोडायच्या दिवशी बजाबाई लिंबाखाली हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. मिस्त्रीचं घासायचं मशीन घरघरत होतं. मिस्त्रीनं येताना चार जुनी टायरं आणली होती. तो म्हणाला, "अण्णा, ही दोन्ही बाजूंनी टांगू या. एक तर हितं उजव्या खांद्यावर पायजेच. घाटाला लागताना पैला मार हितंच बसनार. लोखंड हाय ह्ये, फायबर न्हवं."

धोंडीरामानं टायर बघितलं, काळंकुट्ट. खांद्यावर टांगलं तर बरोबर नावावर येणार होतं. रंग अजून ओला होता.

"नाव झाकतंय की मिस्त्री."

"झाकू दे की. पाय महत्त्वाचा का नाव?"

"टायर-बियर काय नगं," धोंडीराम छाती काढून म्हणाला, "आमची बजा हाय की!"

मिस्त्रीची माणसं हसली. मिस्त्रीही हसला आणि टायरं परत टेम्पोत टाकली. कसं असतं बघा, माणूस जन्मभर मुकाट राहतो आणि एकदाच तोंड उघडतो, ते नको तिथं.

चार महिने बरे गेले. मिस्त्रीचं म्हणणं खरं होतं, लाँच जड होती. पाय दिला की बजाबाईच्या कपाळावर शीर उठायची. रात्री ती मांडीला तेल चोळायची. धोंडीरामाला ते दिसायचं. "दुखतंय का?" विचारलं तर म्हणायची, "लोखंडाला सवय हुयाला नगं का माजी?"

फाल्गुनात पाणी उतरलं. उन्हाळा जवळ आला की उजनीचं पाणी मागं मागं सरकतं आणि धरणात बुडालेल्या जुन्या गावाचा दगडी घाट वर येतो. उंच, काळा, सरळ उभा. लाँच तिथं लावायची वेळ आली. त्या दिवशी बारा फटफट्या भरल्या होत्या आणि त्यावर केळीचे घड. घाट पंधरा-वीस हातांवर आला आणि पश्चिमेकडून वारा सुटला. लाँचचं तोंड फिरलं. धोंडीरामानं इंजिन उलटं टाकलं, पण एवढं वजन ऐकतंय होय? लाँच खांद्यावर, बरोबर नावावर, तिरकी घाटाकडं निघाली. पुढं बजाबाईचा पाय निघालेला होता.

"अगं ए, पाय काढ!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला.

तिनं पाय काढला नाही. मागून त्याला तिची पाठ दिसत होती. गुडघा नेहमीसारखा मोडत गेला, मोडत गेला, आणि मोडायला जागा उरली नाही. मग जो आवाज झाला तो धोंडीराम कुणाला सांगत नाही. बजाबाईनं सवयीनं मान मागं वळवली, विचारायला तोंडसुद्धा उघडलं, पण शब्द आला नाही. तशीच ती आडवी झाली.

सोलापूरच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखालून काढावा लागला. सिस्टरनं कागदाच्या पुडीत काहीतरी बांधून धोंडीरामाच्या हातात दिलं. उघडून बघितलं तर जोडवं. तो जिन्यात जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला. आठवड्यानं बजाबाईनं ते जोडवं मागून घेतलं आणि दुसऱ्या पायात, पहिल्याच्या शेजारच्या बोटात घातलं. "नवरा जिता हाय माजा, टाकू कुटं?" एवढंच म्हणाली.

भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणायचा, नशीब. वारा सुटला, कुणाचा इलाज आहे? धोंडीराम मान हलवायचा. सयाजी मिस्त्रीही येऊन गेला. त्यानं खाटेवरच्या चादरीकडं बघितलं, जिथं दोन पायांच्या जागी एकच उंचवटा होता, मग धोंडीरामाकडं बघितलं, संत्री उशाशी ठेवली आणि निघून गेला. त्यापेक्षा त्यानं कानाखाली मारली असती तर धोंडीरामाला बरं वाटलं असतं. चार टायरं फुकट मिळत होती. नाव झाकतंय म्हणून परत पाठवली. ही गोष्ट त्याला आणि मिस्त्रीच्या माणसांना माहीत, वस्तीत कुणाला नाही. बजाबाईला तर नाहीच नाही. तिला सांगायची त्याची छाती नव्हती.

शेजारच्या खाटेवर मंद्रूपची सुंदरम्मा होती, खुब्याचं हाड मोडलेली. ती कानडीतून बोलायची, बजाबाई मराठीतून, आणि दोघींचं दिवसभर चालायचं. सुंदरम्माचा मुलगा मल्लिकार्जुन चिंचोळी एमआयडीसीत रबराच्या कारखान्यात फोरमन होता. आईला डबा आणला की बजाबाईलाही भाकरी द्यायचा. त्याची गोष्ट पुढं येईल.

बजाबाई घरी आली ती कुबडी घेऊन. नंतर नकली पायही मिळाला, पण तो तिनं पेटीत ठेवून दिला. एक मात्र झालं. ती पाण्याकडं बघेना. दारात बसायची ती पाण्याकडं पाठ करून. जिचा जन्म पाण्यावर गेला ती बाई भिंतीकडं तोंड करून तांदूळ निवडत बसायची. चुलतभाऊ प्रभु आता त्याच्याबरोबर लाँचवर यायचा. पण घाट जवळ आला की धोंडीरामाचे डोळे पुढच्या रिकाम्या फळीवर जायचे आणि इंजिन बंद करायची वेळ चुकायची. त्याला दुसरं काही नको होतं. घरचीनं एकदा, फक्त एकदा, तिथं येऊन बसावं. बसली म्हणजे तिचा राग गेला असं त्यानं मनाशी धरलं होतं.

आणि ती बसायची तर लाँच घाटाला अशी लागली पाहिजे, की मुंगीलाही धक्का बसू नये. तिथून त्याचं टायरांचं वेड सुरू झालं.

आधी ट्रकची टायरं आणली. महिनाभरात रबर झिजलं आणि आतल्या तारा बाहेर आल्या. एका बाईचा पदर फाटला, धोंडीरामाच्या तळव्यात तार घुसली. काढून टाकली. मग ट्रॅक्टरचं मोठं टायर आणलं, त्यात पाणी भरलं आणि ते लाँचला एका अंगावर ओढायला लागलं. खालून भोकं पाडली तर तेच टायर घाटाच्या दगडाखाली अडकलं. मग काथ्याच्या दोरखंडाचे गठ्ठे बांधून बघितले, ते शेवाळून पंधरा दिवसांत कुजले. शिवाय पाणी उतरलं की घाट वर आणि टायर खाली, पाणी चढलं की उलटं. एका उंचीवर टांगून भागणार कसं? वस्तीतले म्हणायला लागले, "अण्णा, पाय गेला त्यो काय टायरानं परत येतोय व्हय?" खरंच होतं. पण खरं बोललेलं माणसाला रुचतं थोडंच?

शेवटी त्याला मल्लिकार्जुन आठवला. झिजलेल्या टायरचा तुकडा पिशवीत घालून धोंडीराम चिंचोळीला गेला आणि कारखान्याच्या फाटकाशी दोन तास बसून राहिला. मल्लिकार्जुन जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला, त्यानं तुकडा बघितला आणि सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुम्ही जाड बघता, कडक बघता, तिथंच चुकतंय," तो म्हणाला. "कडक रबर धक्का अडवत नाही, पुढं ढकलतंय. लई मऊ असलं तर चेपून जातंय, मग लोखंडावर लोखंड. रबर कसं पाहिजे? हळूहळू दबलं पाहिजे, जोर पोटात घेतला पाहिजे आणि परत आपल्या जागेवर आलं पाहिजे. आमच्यात त्याला फेंडर म्हणतात."

धोंडीराम बघतच राहिला. ताठ धरलास तर मोडतोय, सैल सोडलास तर आपटतीय. हे तर बजाबाईचं बोलणं! बावीस वर्षं ती गुडघ्यानं जे करत होती, ते हा मुलगा मशीनवर करत होता. आणि आपण त्या गुडघ्याची किंमत काय केली? एका नावाच्या रंगाएवढी. फाटकासमोरच्या झाडाखाली म्हातारा तो तुकडा दोन्ही अंगठ्यांनी दाबत राहिला. 

"पण किती दबायला पाहिजे, ते तुमची लाँच आणि तुमचा घाट बघून ठरणार," मल्लिकार्जुन म्हणाला. "ते मावशींना विचारा की. त्यांच्याइतकं माझ्या मशीनला पण कळणार नाही."

पुढच्या पंधरवड्यात बजाबाईला तपासणीसाठी सोलापूरला नेलं, तेव्हा मल्लिकार्जुन रबराचे तीन जाड तुकडे घेऊन दवाखान्यात आला. बाहेरच्या ओट्यावर बजाबाई बसली होती. त्यानं पहिला तुकडा भिंतीला लावून धरला. कशासाठी ते कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. तिनं डावा पाय पुढं केला, तळवा रबराला टेकवला आणि गुडघा मोडत दाबला.

"ह्यो दगड हाय," ती म्हणाली.

दुसरा दाबला. "ह्यात जीव न्हाय. मळल्या पिठागत."

तिसऱ्यावर तिनं डोळे मिटले. पाय बराच वेळ तिथं होता. आईशपथ, तिच्या कपाळावर तीच शीर उठलेली धोंडीरामानं बघितली. मग तिनं पाय खाली घेतला आणि म्हणाली, "ह्यो." बस्स.  पण धोंडीराम खुळ्यासारखा आनंदला. तिनंच निवडलं म्हणजे ती येणार!

रबर तयार होऊन आलं. सहा लांब तुकडे, आतून पोकळ. पाच तुकडे साखळीवर टांगले, पाण्याबरोबर वर-खाली करता यावेत म्हणून. सहावा, सगळ्यात मोठा, उजव्या खांद्यावर नट-बोल्टानं पक्का बसवायचा होता. सयाजी मिस्त्री आला. त्यानं रबर लावून बघितलं आणि थांबला.

"नाव जातंय, अण्णा."

"जाऊ द्या."

मिस्त्रीनं पिवळ्या अक्षरांतून भोकं पाडली. रबर बसलं तेव्हा बाहेर फक्त कमळाची एक पाकळी राहिली.

घरी येऊन धोंडीराम म्हणाला, "अगं, चल की. रबर लावलंय. तूच निवडलेलं."

"मला भाकरी टाकायच्यात," भिंतीकडं तोंड करून बजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही भाकरी. तिसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. तिला भ्या वाटतंय, धोंडीरामानं ताडलं. रबरावर विश्वास नाही. मग त्यानं काय करावं? प्रभुला इंजिनावर बसवलं, आपण पुढच्या फळीवर जाऊन बसला, आणि लाँच घाटाला लागताना आपला पाय रबर आणि दगड यांच्यामध्ये घातला! आधी रिकाम्या लाँचला, मग चार फटफट्या भरून, मग आठ. रबर दबायचं, पाय चेपायचा, पण शाबूत निघायचा. घोटा सुजला. प्रभु हातापाया पडला, "अण्णा, नका हो." ऐकतोय कोण? "बारा फटफट्या भर. बारा भरल्यावर न्हाय मोडला तरच खरं," हेच एक.

वस्तीत ही बातमी कितीशी लपणार? पाणी भरायला आलेल्या बायकांनी बजाबाईच्या कानावर घातली. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. आणि जी बाई सव्वा वर्ष पाण्याकडं वळली नव्हती, ती कुबडी टेकत, धडपडत, भर दुपारी तो उतार उतरून घाटावर आली.

"अवं, येडं लागलंय का तुमाला?" लांबूनच तिचा आवाज आला. "तुमचाबी पाय गेल्यावर मला घाट चढवनार कोन? तुमचा बा?"

धोंडीराम फळीवर तसाच बसून राहिला. सुजलेला पाय त्यानं धोतरात लपवला. बजाबाई काठाशी आली, दम खाल्ला, आणि तिची नजर लाँचच्या खांद्यावर गेली.

"माजं नाव कुटं गेलं?"

त्यानं धोतर आणखी खाली ओढलं.

"इचारतीय मी. माजं नाव कुटं हाय?"

"झाकलं," धोंडीराम म्हणाला. "आदीच झाकाया पायजे हुतं." आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. मिस्त्रीची चार टायरं, ओला रंग, नाव झाकतंय म्हणून परत पाठवणं, सगळं. "म्या तुजा पाय घालवला. वाऱ्यानं न्हाय, म्या. तुला तोंड दाखवायची लायकी न्हाय माजी." प्रभु तोंड फिरवून इंजिनाशी खुडबुड करत राहिला.

बजाबाई घाटाच्या पायरीवर बसली. कुबडी शेजारी ठेवली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"मी लिंबाखालीच हुते की. मशीन बंद पडलं हुतं तवा. समदं ऐकलं मी."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"काय बोलू? बरं वाटलं हुतं मला." तिचा आवाज खाली आला. "लगीन झाल्यापास्नं चारचौघांत तुमी माजं नाव घेतलं न्हवतं. त्या दिशी घेतलंत. आमची बजा हाय की, म्हनलात. हातातलं ताट तसंच धरून हुबी ऱ्हायले मी."

धोंडीराम फळीवरून तिच्याकडं सरकला.

"आन त्या दिशी तुमी वरडलात, पाय काढ म्हनून. त्येबी ऐकलं. पाय काढाया येळ हुता, अवं. घाटावर येवढी मानसं हुबी हुती. मनात आलं, नवऱ्यानं लोकांत सांगितलंय बजा हाय म्हनून. आता पाय काढला तर काय ऱ्हायलं त्याच्या बोलन्याचं?"

असं असतं बघा. एकानं बायकोच्या कौतुकापायी टायर नाकारलं आणि दुसरीनं त्याच कौतुकापायी पाय काढला नाही. दोघंही सव्वा वर्ष एका घरात राहून एकमेकांपासून हेच लपवत होती. याला कुणाची चूक म्हणायची ते तुम्हीच ठरवा, मला तर काही सुचत नाही.

"मग पान्याकडं पाठ करून का बसतीस?" धोंडीरामानं विचारलं. "मला वाटलं, माज्यावर राग हाय."

"राग कशाचा? दुसरं कुनीतरी पाय देतंय, त्ये बघवत न्हाय. आन आता तर रबरच आलं. म्याच निवडून दिलं." ती हसायला गेली आणि रडली. "चांगलं हाय त्ये. माज्यापरास चांगलं हाय. आता माजं काय काम तितं?"

धोंडीराम लंगडत खाली उतरला. त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं. वस्तीतले लोक बघत होते, बघू देत. तिला त्यानं पुढच्या फळीवर बसवलं, तिच्या जागेवर. "नुस्ती बस," तो म्हणाला, "काय करू नगंस." प्रभु काठावर उतरला. धोंडीराम मागं इंजिनावर गेला.

लाँच पाण्यात लांबवर गेली, वळली, आणि परत घाटाकडं निघाली. बारा फटफट्या प्रभुनं आधीच भरल्या होत्या. ऊन लख्ख होतं, वारा पडलेला. इतक्या दिवसांनी पुढं ती पाठ दिसत होती, तोच हिरवा पदर डोक्यावरून घेतलेली. धोंडीरामाची वेळ पहिल्यांदाच चुकली नाही. त्यानं इंजिन बंद केलं. काळा दगड जवळ आला. वीस हात, दहा हात, पाच हात.

आणि त्यानं बघितलं. तिच्या लुगड्याचा उजवा घोळ हलला. डावा पाय फळीखाली नीट ठेवलेला होता, तो तसाच राहिला. जो पाय नाही तो पुढं झाला. मांडी उचलली, लुगडं पुढं गेलं आणि खाली मोकळं लोंबत राहिलं.

"बजा," तो म्हणाला. "बजा, ऱ्हाऊ दे. रबर हाय."

तिला ऐकू गेलं नसावं. रबर दगडाला लागलं आणि दबायला लागलं, आणि लुगड्याखाली तिचा गुडघा त्याच्याबरोबर हळूहळू मोडत गेला. जेवढं रबर दबलं तेवढाच. रबर थांबलं तेव्हा तोही थांबला. एकही फटफटी हलली नाही.

बजाबाईनं मान मागं वळवली. लाँचमध्ये तिच्या नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं.

"लागलं न्हाय न्हवं कुनाला?" तिनं विचारलं, आणि उत्तर आल्याशिवाय उठायचं नाही म्हणून तशीच बसून राहिली.

धोंडीराम इंजिन सोडून पुढं गेला आणि तिच्या शेजारी फळीवर बसला.